मोगलीची पाटी, लिंगोची गुहा

मागच्या दिवाळीत आमच्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका मित्राने बारा स्लाइड्सची पीपीटी टाकली. नाव होतं ‘गोंदिया फेअरी टेल रूट’. कल्पना त्याला माझ्यामुळेच सुचली होती. कंपनीच्या कामासाठी मी चार महिने जर्मनीतल्या कासल शहरात होतो. शनिवार-रविवार मी तिथल्या परीकथांच्या रस्त्यावरची गावं फिरायचो आणि फोटो ग्रुपवर टाकायचो. मित्राने ते मनावर घेतलं. नकाशावर गोंदियापासून इटियाडोह धरणापर्यंत एक निळी रेघ काढली आणि तिच्यावर सात थांबे टाकले. तिसरा थांबा होता कचारगड. त्याच्याखाली लिहिलं होतं, ‘मॅजिक केव्ह’. शेजारी एआयकडून बनवून घेतलेलं चित्र होतं: गुहेच्या तोंडाशी टोकदार टोपी घातलेला एक बुटका, हातात कंदील.

पंचवीसेक अंगठे आले. त्यातला एक माझा होता.

दुसऱ्या दिवशी ग्रुपमधल्या एका मित्राने एकच ओळ लिहिली, “ते आमचं पेनठाणा आहे.” आणि तो ग्रुपमधून बाहेर पडला. दहावीपर्यंत तो माझ्या बाकावर बसायचा. दर माघ पौर्णिमेला तो घरच्यांबरोबर कचारगडला जातो, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. पेन म्हणजे देव, हे मात्र निम्म्या ग्रुपला माहीत नव्हतं. “याला काय झालं?” असं तिघांनी विचारलं. मग कुणीतरी क्रिकेटचा व्हिडिओ टाकला आणि विषय संपला.

माझ्यासाठी तो संपला नाही. हा लेख त्या पीपीटीच्या विरोधात आहे आणि मी दिलेल्या अंगठ्याच्याही.

*

आधी तो जर्मन रस्ता काय आहे ते सांगतो, कारण त्याची नक्कल करायची भाषा आता सगळीकडे आहे. ‘सर्किट’, ‘थीम’, ‘स्टोरीटेलिंग’, ‘एक्स्पीरिअन्स’ हे शब्द तुम्हीही ऐकले असतील.

जर्मनीत ‘डॉइचे मेर्शेनश्ट्रासे’ नावाचा पर्यटनमार्ग १९७५ साली आखला गेला. हानाऊपासून ब्रेमेनपर्यंत, साधारण सहाशे किलोमीटर. हानाऊ हे याकोब आणि विल्हेल्म या ग्रिम बंधूंचं जन्मगाव. पुढे श्टाइनाऊ, जिथे त्यांचं बालपण गेलं. मारबुर्ग, जिथे ते शिकले. कासल, जिथे त्यांनी ग्रंथालयात नोकरी केली आणि गोष्टी गोळा केल्या. मग झाबाबुर्गचा किल्ला, तो झोपी गेलेल्या राजकन्येचा. ट्रेंडेलबुर्गचा बुरूज, तो लांब केसांच्या रापुन्झेलचा. हामेलन, ते पुंगीवाल्याचं. शेवटी ब्रेमेन, जिथे गाढव, कुत्रा, मांजर आणि कोंबडा एकमेकांच्या पाठीवर उभे असलेला पुतळा आहे. लोक त्या गाढवाचे पाय धरून इच्छा मागतात, त्यामुळे ते घासून घासून चकचकीत झालेत.

रस्ता सुंदर आहे, हे कबूल. लाकडी चौकटींची घरं, नदी, जंगल. पण थोडं खोदलं की कळतं, त्यातलं बरंच नंतर चिकटवलेलं आहे. रापुन्झेल ट्रेंडेलबुर्गला राहत होती, असं ग्रिमनी कुठे लिहिलेलं नाही. झाबाबुर्गचंही तेच. गोष्टीला पत्ता नव्हता, पर्यटनाने तो दिला. गावांना ते चाललं, कारण रापुन्झेलला कुणी नवस बोलत नाही. तिची पूजा करणारा समाज नाही, तिच्या नावाने लग्नं जुळत नाहीत, कुणाची गोत्रं तिने ठरवलेली नाहीत. तिच्या बुरुजात हॉटेल काढलं तर कुणी ग्रुप सोडून जात नाही.

आमच्या पीपीटीने पहिली चूक केली ती इथे. आम्ही कचारगडला रापुन्झेलच्या रांगेत बसवलं.

*

कचारगड सालेकसा तालुक्यात आहे. मुंबई-हावडा लाइनवर दरेकसा नावाचं छोटं स्टेशन आहे, तिथे उतरायचं आणि धनेगावकडून डोंगर चढायचा. तीन राज्यांच्या सीमा इथे जवळजवळ येतात. बाहेरच्या महाराष्ट्राला दरेकसा हे नाव माहीत असलंच तर पेपरमधल्या ‘दरेकसा दलम’मुळे. आमच्या भागाची हीच एक गोष्ट वर्षानुवर्षं राज्यभर पोचली. हल्ली दुसरी पोचते, ती जवळच्या हाजरा फॉलवरच्या पावसाळी रील्सची.

तिसरी गोष्ट या दोन्हींहून फार जुनी आहे. कोया पुनेम मानणाऱ्या गोंड समाजासाठी कचारगड हे उगमाचं ठिकाण. ती सांगण्याच्या अनेक तऱ्हा आहेत. एका कथनात काली कंकालीच्या तेहतीस मुलांना शंभू या गुहेत कोंडतो आणि तोंडावर प्रचंड शिळा ठेवतो. आई शोक करते. पारी कुपार लिंगो आणि रायताड जंगो त्या मुलांच्या सुटकेसाठी झटतात. हिरासुका पाटालीर हा वादक गुहेबाहेर किंगरी वाजवतो. त्या सुरांनी आतल्या मुलांच्या अंगात बळ येतं. शिळा हलते, मुलं बाहेर पडतात, आणि हिरासुका त्याच शिळेखाली सापडून मरतो. पुढे लिंगो त्या मुलांना शिकवतो, सगा आणि गोत्रांची रचना लावून देतो. कुणी कुणाशी लग्न करायचं, कुणाचा देव कोणता, कोणतं झाड आणि कोणता प्राणी कुणी राखायचा, हे सगळं तिथून सुरू होतं.

दर माघ पौर्णिमेला महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा, ओडिशातून लाखांनी लोक इथे येतात. या यात्रेला आजचं रूप १९८० च्या दशकात आलं. नागपूरचे मोतीराम कंगाली आणि त्यांच्या सोबतच्या लोकांनी कथा, गाणी आणि डोंगर यांची सांगड घालून ही जागा समाजासमोर पुन्हा आणली. कंगाली रिझर्व्ह बँकेत नोकरी करत होते. पारी कुपार लिंगोवर, कोया पुनेमवर त्यांनी पुस्तकं लिहिली. २०१५ साली ते गेले. मी गोंदियात वाढलो, तेव्हा शाळेत मला त्यांचं नाव एकदाही ऐकू आलं नाही. ग्रिम बंधूंचं आलं होतं.

हामेलनची गोष्ट तुम्हाला माहीत असेल. १२८४ सालच्या २६ जूनला एका पुंगीवाल्याने गावातली एकशेतीस मुलं आपल्या सुरांमागे डोंगराकडे नेली आणि ती परत आली नाहीत. हामेलनच्या फरसबंदीवर उंदीर कोरलेत, बेकऱ्यांत पावाचे उंदीर मिळतात, उन्हाळ्यात दर रविवारी चौकात नाटक होतं. पण याच गावात एक गल्ली आहे, जिथून ती मुलं गेली असं मानतात. तिथे आजही वाद्य वाजवायचं नाही, नाचायचं नाही. लग्नाची वरात आली तरी त्या गल्लीत वाजंत्री थांबतात.

मी त्या गल्लीत उभा होतो तेव्हा मला कचारगड आठवला नाही, ही माझी लाज. तिथे सूर मुलांना डोंगरात घेऊन जातात. माझ्या घरापासून दोन तासांवर सूर मुलांना डोंगरातून बाहेर काढतात आणि वाजवणारा जीव देतो. जगातल्या कुठल्याही परिषदेत शेजारी शेजारी ठेवता येतील अशा या दोन कथा. एक मला जर्मनीला जाऊन कळली. दुसरी शेजारच्या बाकावर होती आणि मी दहा वर्षांत विचारली नाही.

आणि बघा, उंदीर विकणाऱ्या हामेलननेसुद्धा एक गल्ली राखून ठेवली आहे. काय विकायचं आणि काय विकायचं नाही, ते त्यांनी स्वतः ठरवलं. आमच्या पीपीटीत कचारगडचं काय करायचं ते गोंदिया शहरातल्या पंचवीस अंगठ्यांनी ठरवलं.

*

पीपीटीची दुसरी चूक पहिलीपेक्षा मोठी आहे, आणि ती फक्त आमची नाही.

आपल्याला जर्मनीचा रस्ता दिसतो, रस्त्याखालचं पुस्तक दिसत नाही. पाट्या १९७५ साली लागल्या. गोष्टींचा पहिला खंड १८१२ साली छापला गेला होता, शहाऐंशी गोष्टींचा. दुसरा १८१५ साली. १८५७ च्या सातव्या आवृत्तीपर्यंत गोष्टी दोनशेवर गेल्या. म्हणजे रस्त्याच्या आधी दीडशेहून जास्त वर्षं कुणीतरी ऐकत होतं, लिहीत होतं, छापत होतं, भांडत होतं. कासलच्या ‘ग्रिमवेल्ट’ संग्रहालयात त्या पुस्तकाच्या ग्रिमनी स्वतः वापरलेल्या प्रती आहेत. समासात त्यांच्या हातच्या टिपणी: ही गोष्ट कुणाकडून, कधी ऐकली, दुसरीकडे ती कशी सांगतात. युनेस्कोने २००५ साली त्या प्रती जगाच्या स्मृतिठेव्यात घेतल्या. आमच्या धंद्यातल्या लोकांना एका वाक्यात सांगायचं तर ती कमिट हिस्टरी आहे. कोणती ओळ कुणाची, कधी बदलली, ते शोधता येतं.

म्हणूनच ग्रिमना पकडता येतं. त्यांनी गोष्टी धुऊन-पुसून गुळगुळीत केल्या. पहिल्या आवृत्तीत हिमगौरीच्या जिवावर उठते ती तिची सख्खी आई, पुढे तिची सावत्र आई केली. रापुन्झेलचे कपडे तंग का होऊ लागले, ते वाक्य काढून टाकलं. डोरोथेआ फीमान या बाईने त्यांना चाळीसेक गोष्टी दिल्या. ती शिंप्याची बायको, भाजीपाला विकायला कासलला यायची, तिच्या घराण्याची मुळं फ्रान्समधून आलेल्या लोकांत होती. ग्रिमनी तिला अस्सल हेस्सेन भागातली शेतकरीण म्हणून पेश केलं, कारण ‘अस्सल जर्मन’ गोष्टींना ते शोभलं. लबाडीच की. पण तिचं नाव लिहिलं. ती गोष्ट कशी सांगते, पुन्हा विचारलं तर लिहून घेता येईल इतकी सावकाश कशी सांगते, तेही लिहिलं. १८१९ च्या आवृत्तीत तिचं चित्र छापलं. आज कासलमध्ये तिच्या नावाची बाग आहे. नाव लिहून ठेवल्यामुळेच पुढे लबाडी उघडी पाडता आली.

आता आमच्याकडचा हिशोब.

लिंगोचं गाणं पहिल्यांदा कागदावर उतरवलं ते स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्याने, नागपुरात असताना. १८६३ साली तो नागपूरजवळ ओढ्याच्या पुरात बुडून गेला. त्याचे कागद रिचर्ड टेंपलने १८६६ साली छापले. त्यात ते गाणं आहे, गोंडी शब्दांसह. त्यात महादेव गोंडांना गुहेत कोंडतो आणि लिंगो त्यांना सोडवतो. तपशील आजच्या कथनापेक्षा बरेच वेगळे आहेत, आणि असायचेच. ते गाणं हिस्लॉपला मिळालं एका परधानाकडून. परधान म्हणजे गोंडांच्या पेनांची, कुळांची गाणी तोंडपाठ ठेवणारा समाज. हिस्लॉपच्या नावाने नागपुरात मोठं कॉलेज आहे. विदर्भातल्या कितीतरी घरांतली पोरं तिथे शिकली. ज्याच्या गळ्यातून ते गाणं आलं, त्या परधानाच्या नावाची मला एक गल्लीही माहीत नाही.

आणि मोगली? नागपूरहून जबलपूरकडे जाताना पेंचचं जंगल लागतं. तिथे मोगली आहे, बघीरा आहे, पाट्यांवर, रिसॉर्टच्या नावांत, टी-शर्टवर. रुडयार्ड किपलिंगचं ‘जंगल बुक’ १८९४ साली आलं, आणि त्यातल्या गोष्टी त्याने अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये बसून लिहिल्या. सिवनीचं जंगल त्याने दुसऱ्यांच्या वर्णनांतून उभं केलं. पुस्तक वाईट आहे असं मी म्हणत नाही, लहानपणी मीही रविवारी सकाळी टीव्हीसमोर बसायचो. पण ज्या जंगलात गोंड पिढ्यान्‌पिढ्या राहिले, लिंगोची गाणी ज्या पट्ट्यात गायली गेली, तिथे पाटी लागते ती व्हरमाँटमध्ये सुचलेल्या पोराची. कारण तो आधीच छापलेला आहे, आधीच इंग्रजीत आहे, आधीच विकला जातो. आमची पीपीटी हेच करत होती. फरक इतकाच की किपलिंगची जागा एआयने घेतली होती. चित्र मागितलं गोंदियाच्या गुहेचं, आलं युरोपचं बुटकं. त्याचा काय दोष? त्याला आपण आपलं वाचायला दिलंय काय?

*

आता दोन आक्षेप घेतो. ते माझ्याच मित्रांनी घेतलेत आणि ते फालतू नाहीत.

पहिला: “तू बेंगळुरूला बसून तत्त्वज्ञान सांग. इथे पोरांना काम नाही. रूट झाला तर गाइड होतील, होमस्टे निघतील, चहाच्या टपऱ्या चालतील.” हे खरं आहे. गोंदियात भात आहे, राइस मिल आहेत, तेंदूपत्ता आहे आणि नागपूर-पुण्याकडे जाणाऱ्या गाड्या आहेत. माझ्या वर्गातले किती जण जिल्ह्यात राहिलेत ते बोटांवर मोजता येतं. मी पर्यटनाच्या विरोधात नाही. हाजरा फॉलला चार पोरांना रोजगार मिळत असेल तर चांगलंच आहे. पण गाइड काय सांगणार, हा प्रश्न आहे. नवेगावबांधच्या काठावर उभा राहून तो “ये बहुत पुराना तालाब है” एवढंच सांगणार असेल, तर लोक सेल्फी काढून वीस मिनिटांत निघतील. मग त्याच्या वाट्याला वीस मिनिटांचे पैसे येतील.

त्याच तलावाचं सांगण्यासारखं किती आहे बघा. हा बांध कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकात घातला असं मानतात. तलाव बांधणं हे कोहळी समाजाचं पिढीजात कसब. पूर्व विदर्भातले मामा तलाव बघा, म्हणजे कळेल. भोवतालच्या डोंगरांना ‘सात बहिणी’ म्हणतात, आणि बांध घालायला या बहिणींनी मदत केली अशी समजूत आहे. कोलू पाटलांचा पुढे कोलासूर देव झाला. एक इंजिनिअर मेल्यावर देव होतो आणि त्याच्या मदतीला सात डोंगर येतात! मी इंजिनिअर आहे, मला चार वर्षांत कॉलेजात असं काही कुणी सांगितलं नाही.

नवेगावला राष्ट्रीय उद्यान झालं तेही १९७५ साली, म्हणजे जर्मन रस्त्याच्याच वर्षी. तिथे वनखात्यात असताना मारुती चितमपल्लींनी जे ऐकलं-पाहिलं ते ‘नवेगावबांधचे दिवस’मध्ये लिहिलं. जंगलाची विद्या आपल्याला कुणाकडून मिळाली तेही ते लिहीत राहिले. माधवराव पाटील डोंगरवार हे नाव मराठी वाचकाला माहीत आहे, ते चितमपल्लींनी लिहून ठेवलं म्हणून. शेजारच्या भंडारा जिल्ह्यात डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीसाठी असंच काम केलं. म्हणजे हे काम इथे होतं, होऊ शकतं. आपण ते पुढे नेलं नाही. तलावापासून थोडं पुढे गोठणगावजवळ तिबेटी निर्वासितांची नोरग्येलिंग वसाहत आहे, १९७२ पासूनची. त्यांनी डोंगरांपलीकडून गोष्टी आणल्याच असतील. लहानपणापासून मी त्यांच्याकडून स्वेटर घेतले. गोष्ट एकही मागितली नाही.

दुसरा आक्षेप: “तू म्हणतोस तसं लिहून घ्यायचं म्हणजे पुन्हा तेच, बाहेरचा येणार, रेकॉर्ड करणार, नाव कमावणार.” हा आक्षेप मला जास्त टोचतो, कारण तो बरोबर आहे. मी पोवार आहे. लिंगो माझा नाही. कचारगडची गोष्ट मी वर जेवढी सांगितली, ती छापील आणि जाहीर आहे तेवढीच. गुहेत काय म्हणतात, परधान काय गातो, कुणासमोर गायचं आणि कुणासमोर नाही, हे ठरवायचा हक्क ज्यांचा आहे त्यांचाच राहिला पाहिजे, आणि “नाही” म्हणायचा हक्क त्यात पहिला. कंगालींनी हे काम आतून केलं. आजही ते आतूनच व्हायला हवं. माझ्यासारख्याचं काम तिथे फार तर हमालाचं: कुणी मागितलं तर फाँट बसवून देणं, सर्व्हर चालू ठेवणं.

आणि हे हमालीचं काम आता अवघड राहिलेलं नाही. शेजारच्या बालाघाट जिल्ह्यातले मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ साली गोंडीसाठी लिपी बनवली. ती मसराम गोंडी लिपी युनिकोडमध्ये २०१७ साली आली. आदिलाबाद जिल्ह्यातल्या गुंजाळा गावातल्या हस्तलिखितांमधली लिपी २०१८ साली आली. दोन्हींचे फाँट फुकट मिळतात. २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे तीस लाखांच्या घरात होते. तरी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत ही भाषा नाही. तुमच्या फोनमध्ये तिचं अक्षर दिसू शकतं, पण जिल्ह्यातल्या सरकारी शाळेच्या फळ्यावर ते मी कधी पाहिलं नाही. यात तंत्रज्ञानाची अडचण कुठे आहे?

*

दुसऱ्याच्या घरात डोकावण्याआधी स्वतःच्या घराचं सांगतो.

आमच्या घरी पोवारी बोलतात. म्हणजे आजी बोलायची, बाबा आजीशी बोलायचे, आणि मला शाळेत कुणी ‘गावठी’ म्हणू नये म्हणून माझ्याशी मराठीत बोलायचे. रात्री लाइट गेली की आजी गोष्ट सांगायची. त्यातली एक बोडीची. बोडी म्हणजे शेतातलं तळं, आमच्याकडे प्रत्येकाला माहीत असलेला शब्द. एका पाटलाने बोडी खोदली, पण पाणी लागेना. देवाने धाकटी सून मागितली. सून नटूनथटून बोडीत उतरली. पहिल्या पायरीवर पाणी घोट्याला लागलं, दुसऱ्या पायरीवर गुडघ्याला, तिसऱ्या पायरीवर कमरेला. प्रत्येक पायरीवर ती काहीतरी म्हणायची. आजी ते गाऊन म्हणायची.

पुढचं मला आठवत नाही.

ती बुडाली का? तिचा भाऊ आला का? ती मासोळी झाली, की कमळ? गाण्याचे शब्द काय होते? बाबांना विचारलं, त्यांना सुरुवात आठवते, माझ्याइतकीच. आत्याने सांगितलेला शेवट वेगळाच आहे, आणि तो दुसऱ्या गोष्टीचा असावा असं तिलाच वाटतं. अशा बळीच्या कथा महाराष्ट्रात, कर्नाटकात, गुजरातेत खूप आहेत. मी त्या शोधून वाचल्या. त्यातला कुठलाही शेवट चिकटवून गोष्ट पूर्ण करता येईल. एआयला सांगितलं तर तो दहा सेकंदांत दहा शेवट देईल. ते शेवट असतील, आजीचा शेवट नसेल.

आजी गेली तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो. चार वर्षं माझ्या खिशात मायक्रोफोन होता. त्या फोनमध्ये तिचे फोटो दोनशेच्या वर आहेत. आवाज आहे तो फक्त एका व्हिडिओत, वाढदिवसाच्या, त्यात ती “बंद कर ना ते” म्हणते.

म्हणून मला ‘गोंदिया फेअरी टेल रूट’चा राग येतो. गोष्ट आठवत नसताना तिची पाटी लावायला निघालेले आपण. रूट झालाच तर बोडीच्या काठावर फायबरची सून उभी राहील आणि खाली क्यूआर कोड असेल. तो स्कॅन केल्यावर काय उघडणार?

*

माझं म्हणणं साधं आहे. रस्ता करायचा असेल तर नंतर करू. आधी वही करू, आणि ती प्रत्येकाने आपल्या घरापासून सुरू करावी.

या दिवाळीला घरी जाल तेव्हा फोनमधला रेकॉर्डर चालू करा, पण विचारून. घरातलं जे कुणी म्हातारं माणूस असेल, त्याच्या भाषेत बोलू द्या. “मराठीत सांग” म्हणू नका, “नीट सांग” तर अजिबात म्हणू नका. सुरुवातीला त्यांनीच आपलं नाव, गाव आणि गोष्ट कुणाकडून ऐकली ते सांगू द्या. तीच गोष्ट आत्या वेगळी सांगत असेल तर तीही घ्या, कोणती खरी म्हणून भांडू नका. मूळ ऑडिओ जपा, त्याचं रील करायची घाई नको. लिहून काढाल तेव्हा न कळलेला शब्द न कळलेलाच ठेवा, आपल्या मनाने मराठी करू नका. ती गोष्ट बाहेर द्यायची की घरातच ठेवायची, ते सांगणाऱ्याला ठरवू द्या, आणि दिली तर त्याच्या नावाने द्या.

अशा पाचशे गोष्टी जिल्ह्यातून जमल्या, पोवारी, गोंडी, झाडीबोली, लोधी, छत्तीसगडी, तिबेटी, तर मग नकाशा घेऊन बसू. कोणत्या गावाला पाटी हवी आहे ते त्या गावाला विचारू. हामेलनसारखी एखादी जागा गप्प ठेवायची असेल तर ती गप्प ठेवू. गाइडकडे तेव्हा वीस मिनिटांचं नाही, दोन दिवसांचं बोलणं असेल, आणि माझ्या मित्राच्या होमस्टेचंही भलं होईल.

त्याला मी हे सगळं सांगितलं. तो चिडला, मग म्हणाला, “बारा स्लाइड्सला दोन रात्री गेल्या रे.” तिसरी स्लाइड त्याने काढली आहे. बाकीच्यांवर आमचं भांडण चालू आहे.

ग्रुप सोडून गेलेल्या मित्राला मी फोन केला. माफी मागितली. बराच वेळ तो भात कापणीबद्दल बोलत राहिला. शेवटी म्हणाला, “माघात ये. गर्दी असते, चालावं लागते. आणि फोन खिशात ठेवजो.”

जाणार आहे. फोन खिशात ठेवून.